वर्तुळात न मावलेली मिदोरी

फिगर स्केटिंगच्या जागतिक स्पर्धेत एके काळी असं दृश्य दिसायचं: सकाळची वेळ, जवळजवळ रिकामं स्टेडियम, संगीत नाही, टाळ्या नाहीत. एक स्पर्धक बर्फावर अगदी सावकाश, एका पायावर, वर्तुळ काढते आहे. मग त्याला चिकटून दुसरं वर्तुळ. इंग्रजी आठचा आकडा पुरा झाला की तीच रेघ पुन्हा गिरवायची, मग आणखी एकदा. ती बाजूला झाली की जाडजूड कोट घातलेले पंच बर्फावर येत, ओणवे होऊन, कधी पार खाली बसून, बुटाच्या पात्याने उमटवलेल्या त्या रेघा निरखत. पहिली आणि तिसरी रेघ एकमेकींपासून किती सरकली? वर्तुळ गोल आहे की अंड्याच्या आकाराचं? वळण घेताना पात्याची कड बदलली, ती नेमक्या जागी बदलली का? मग गुण. मग पुढची स्पर्धक. हे तासन् तास चालायचं.

आज टीव्हीवर चकचकीत पोशाख, गिरक्या आणि उड्या बघणाऱ्यांना सांगूनही खरं वाटणार नाही, पण १९६८ पर्यंत स्पर्धेचे साठ टक्के गुण या 'कंपल्सरी फिगर्स'ना होते. म्हणजे तुम्ही संगीतावर काय केलंत हे चाळीस टक्के आणि वर्तुळं कशी काढलीत हे साठ टक्के. एकूण एक्केचाळीस प्रकारच्या आकृत्या होत्या. त्यातल्या कुठल्या काढायच्या हे स्पर्धेच्या वेळी ठरायचं, त्यामुळे सगळ्याच घटवून ठेवाव्या लागत.

स्केटच्या पात्याला दोन कडा असतात, आतली आणि बाहेरची, आणि मधे बारीक खोलगट पन्हळ. सरळ उभं राहिलं तर दोन्ही कडा टेकतात. शरीर किंचित कललं की एकच कड टेकते, आणि मग पाय आपोआप वळणावर जायला लागतो. स्केटिंगमधलं सगळं सौंदर्य आणि सगळी भीती या कलण्यात आहे. किती कलायचं, कधी सावरायचं, खांदा आधी वळवायचा की कंबर, हे सगळं त्या वर्तुळांतून अंगात भिनावं अशी कल्पना होती. आपल्याकडच्या पलट्यांसारखं. पलटे घटवल्याशिवाय गळा फिरत नाही हे कोणीही गाणारा सांगेल. फक्त इथे गंमत अशी की मैफलीच्या बिदागीतली अर्धीअधिक रक्कम पलट्यांवरच ठरायची.

याचा कळस १९७२ च्या साप्पोरो ऑलिम्पिकमध्ये झाला. ऑस्ट्रियाच्या बेआट्रिक्स शूबा यांच्याइतकी सुबक वर्तुळं त्या काळात कोणी काढत नव्हतं. मुक्त स्केटिंगमध्ये, म्हणजे संगीतावरच्या भागात, त्या सातव्या आल्या, तरीही सुवर्णपदक त्यांचंच, कारण आघाडी आधीच एवढी मोठी होती. अमेरिकेच्या जॅनेट लिन मुक्त स्केटिंग करताना एका गिरकीत बर्फावर बसल्या, हसत उठल्या आणि सगळ्या जपानच्या लाडक्या झाल्या. पदक मात्र कांस्य. टीव्हीवर फक्त मुक्त स्केटिंग पाहणाऱ्या लोकांना हा हिशेब कळेना. पुढच्याच वर्षी नियम बदलले, मधे संगीतावरचा आणखी एक छोटा कार्यक्रम घातला गेला, वर्तुळांचं वजन कमी करत आणलं. पण ती गेली नाहीत. जायला आणखी अठरा वर्षं लागली, आणि त्या अठरा वर्षांच्या मधोमध नागोयातली एक मुलगी सापडली.

मिदोरी इतो. जन्म १३ ऑगस्ट १९६९.

नागोया हे जपानमधलं काही मिरवण्याजोगं शहर नाही, निदान जपानी लोक तसं मानत नाहीत. टोकियोवाले त्याला कारखान्यांचं गाव समजतात, क्योटोवाले त्याचा विचारच करत नाहीत. मी पुण्यात जपानी शिकले आणि भाषांतराच्या कामासाठी तिथे जाऊन राहिले, तेव्हा मलाही आधी जरा नाराजीच होती. मोटारींचे सुटे भाग, त्यांची माहितीपुस्तकं, सहनशक्तीच्या चाचण्यांचे अहवाल. शनिवारी काय करायचं, हा प्रश्न. ओसू नावाचा भाग आहे, कान्नोनचं देऊळ आणि त्याला लागून छप्पर घातलेल्या बाजारपेठेच्या गल्ल्या. जुने किमोनो, इलेक्ट्रॉनिक वस्तू, खाण्याच्या टपऱ्या, सगळं एकात एक. तिथेच, बाहेरून पाहिलं तर लक्षातही येणार नाही अशा इमारतीत, बर्फाचं मैदान आहे. १९५३ पासूनचं. भाड्याने बूट घेऊन कठड्याला धरून धरून चालणाऱ्या प्रौढांत मी एक, आणि मधल्या जागेत सहा-सात वर्षांच्या मुली उलट्या दिशेने वेगात येऊन बेलाशक उड्या मारतायत. एका बाईंनी माझी अवस्था बघून आपण होऊन सांगितलं, की इथेच मिदोरी शिकली. आडनाव लावलं नाही. मी कोण मिदोरी असं विचारल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मी घरी जाऊन शोधायला बसले.

ती लहानपणीच या बर्फावर आली. तिथे शिकवणाऱ्या माचिको यामादा यांनी तिला हेरलं. पुढे आईवडील विभक्त झाले. स्केटिंग हा श्रीमंतांचा खेळ. बूट, पाती, पोशाख, बर्फाचं भाडं, शिकवणी, कशातच काटकसर होत नाही. दहा वर्षांची असताना मिदोरी यामादांच्या घरीच राहायला गेली. तिथून पुढे त्याच तिच्या शिक्षिका, आणि रोजचं ताट वाढणाऱ्याही त्याच. गुरुगृही राहून शिकण्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना याचं फारसं आश्चर्य वाटणार नाही. मला मात्र राहून राहून एक गोष्ट वाटते. ज्या घरात रात्री झोपायचं, त्याच घरातल्या माणसाला दिवसभर आपण किती पडलो हे ठाऊक असतं. रुसून जायला दुसरं घर नाही.

ती उंचीने १४५ सेंटिमीटरच्या आसपासच राहिली. पण उडी! जुन्या चित्रफिती बघताना मी मुद्दाम तिच्या पायांकडे न बघता मागच्या जाहिरातींच्या कठड्याकडे बघते. बाकीच्यांचे बूट कठड्याच्या खालच्या भागात राहतात, तिचे वर जातात. ती वर जाते, तिथे गेल्यावर फिरते, आणि फिरणं संपल्यावरही खाली यायला जरा वेळ शिल्लक राहतो. ज्युनिअर गटाच्या जागतिक स्पर्धेत पोरवयातच तिने मुक्त स्केटिंगमध्ये सगळ्यांना मागे टाकलं होतं. एकूण निकालात मात्र ती कुठल्या कुठे. वर्तुळं नडली. तिला ती आवडत नसत, आणि न आवडणारी गोष्ट बर्फावर लपत नाही, रेघ उमटतेच.

१९८८, कॅल्गरी ऑलिम्पिक. सगळ्यांचं लक्ष पूर्व जर्मनीची काटारिना विट आणि अमेरिकेची डेबी थॉमस यांच्यावर. मिदोरी वर्तुळांत दहावी. तेव्हाच्या पद्धतीत प्रत्येक भागातल्या क्रमांकाला ठरावीक अंकाने गुणत, बेरीज करत, आणि ज्याची बेरीज सगळ्यांत कमी तो जिंकला. वर्तुळांना ०.६, छोट्या कार्यक्रमाला ०.४, मुक्त स्केटिंगला १. म्हणजे दहावं आल्यावर सहाचा बोजा सुरुवातीलाच खांद्यावर. पदकाचा प्रश्नच मिटला. आणि मग ती मुक्त स्केटिंगला उतरली. सात तिहेरी उड्या, म्हणजे हवेत तीन-तीन फेरे घेऊन उतरायच्या, एकही चूक नाही, आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात ती चक्क हसते आहे. स्पर्धेतलं कसनुसं हसू नव्हे, शाळेतून घरी धावत सुटलेल्या मुलीचं हसू. कॅल्गरीचं स्टेडियम उभं राहिलं. तांत्रिक गुण वरचे, सादरीकरणाचे त्या मानाने खालचे, म्हणून त्या भागात ती तिसरी, एकूण पाचवी. गंमत बघा, त्याच स्पर्धेत वर्तुळांत पहिली आलेली सोव्हिएत संघाची किरा इवानोवा शेवटी सातवी आली. तिचं नाव आज फारसं कोणाला आठवत नाही.

मला विचाराल तर ही पाचवी आलेली मिदोरीच तिच्या सगळ्या आयुष्यातली सगळ्यांत मोकळी मिदोरी. हरण्यासारखं काही नव्हतंच. बोजा होता, पण तो दुसऱ्याने लादलेला होता, नियमांनी. त्याची शरम तिला वाटायचं कारण नव्हतं.

त्याच वर्षी तिने ती उडी मारली. ॲक्सेल ही एकच उडी अशी की जी पुढे तोंड करून घेतात. बाकी सगळ्या पाठमोऱ्या घेतात आणि पाठमोऱ्याच उतरतात. ही पुढे जाता जाता, जिकडे चाललोय तिकडे बघत, एका पायावरून घ्यायची आणि उतरायचं मात्र पाठमोरं. त्यामुळे अर्धा फेरा जास्त. तिहेरी ॲक्सेल म्हणजे साडेतीन फेरे, आणि त्यासाठी मिळणारा वेळ एका सेकंदापेक्षा कमी. ॲक्सेल पॉल्सन या नॉर्वेच्या माणसाने १८८२ मध्ये व्हिएन्नात तिचा एकेरी अवतार दाखवला. तिहेरी व्हायला १९७८ उजाडलं. कॅनडाचा व्हर्न टेलर. स्त्रियांचं हे काम नाही असं मानून सगळे गप्प होते. मिदोरीने ती आधी आपल्या ऐची प्रांताच्या स्थानिक स्पर्धेत मारली, जिथे बघायला बहुधा पोरींचे आईबाप आणि यामादा एवढेच असतील. आणि मग नोव्हेंबरमध्ये एनएचके ट्रॉफी या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, कॅमेऱ्यांसमोर. टोनिया हार्डिंग ही दुसरी स्त्री, तीही १९९१ मध्ये. पुढच्या दहा-पंधरा वर्षांतही ही उडी मारणाऱ्या स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

मार्च १९८९, पॅरिस. वर्तुळांचं वजन आता वीस टक्क्यांवर आलेलं. ती वर्तुळांत सहावी आली, जी तिच्या हिशेबाने मोठीच मजल, आणि उरलेले दोन्ही भाग जिंकून जगज्जेती झाली. फिगर स्केटिंगमध्ये आशियातली पहिली. काही पंचांनी तांत्रिक गुणांत पैकीच्या पैकी ६.० दिले. तिहेरी ॲक्सेल उतरल्यावर तिने हवेत हात उंचावला तो कोणाला दाखवायला नव्हता, तो आपसूक गेला. काही समीक्षक तेव्हाही म्हणत होते की ही खेळाडू आहे, कलावंत नव्हे. उड्या आहेत, नजाकत नाही. नजाकत म्हणजे लांब मान आणि लांब पाय असा त्यांचा सरळ हिशेब होता. तो मला कधीच पटला नाही. तिच्या अंगातला तो बेभान आनंद कलेत धरायचा नसेल तर मग काय धरायचं?

आता हॅलिफॅक्स. कॅनडा, मार्च १९९०. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने दोन वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं की या स्पर्धेनंतर वर्तुळं बंद. टीव्हीला ती नको होती, प्रेक्षक नव्हते, आणि सरावासाठी कोऱ्या बर्फाचा तुकडा विकत घेण्यात पालकांचे पैसे जात होते. शेवटचं वर्तुळ युगोस्लाव्हियाच्या झेल्का चिझमेशिया हिने काढलं. तिथे मिदोरी पुन्हा दहावी. मग दोन्ही भागांत पहिली. अमेरिकेची जिल ट्रेनरी वर्तुळांत पहिली, छोट्या कार्यक्रमात पाचवी, मुक्त स्केटिंगमध्ये दुसरी. आता वर्तुळांना ०.४, छोट्या कार्यक्रमाला ०.६, मुक्त स्केटिंगला १. मी हे पाकिटाच्या मागे मांडून बघितलं. ट्रेनरी: ०.४, ३ आणि २, बेरीज ५.४. मिदोरी: ४, ०.६ आणि १, बेरीज ५.६. दोन दशांशांनी सुवर्ण गेलं. दहावीच्या जागी नववी आली असती तरी जिंकली असती. आणि वर्तुळं एक वर्ष आधी बंद झाली असती तर प्रश्नच नव्हता.

इथवरची गोष्ट सोपी आहे. अन्याय कोणाचा, कोणावर, सगळं स्पष्ट. आपल्याला अशी गोष्ट आवडते, कारण तिचा पुढचा भाग आपण मनात आधीच लिहून ठेवलेला असतो: आता अडथळा गेला, आता बघा. जपानमध्येही सगळ्यांनी तो लिहून ठेवला होता. वर्तुळं गेली म्हणजे मिदोरीला हरवणार कोण?

मार्च १९९१, म्युनिक. वर्तुळांविना पहिली जागतिक स्पर्धा. सरावात फ्रान्सची लेतिसिया ह्युबेर आणि ती एकमेकींवर आदळल्या, मिदोरीला चांगलंच लागलं. तशीच ती छोट्या कार्यक्रमाला उतरली. जोडउडी घेताना ती कठड्याच्या फार जवळ गेली, आणि कठड्याला नेमकी तिथे कॅमेऱ्यासाठी फट ठेवलेली. ती मैदानाबाहेर, कॅमेऱ्याच्या पायाशी. क्षणभर पडद्यावर ती नाहीच, संगीत तेवढं चालू. दुसऱ्या क्षणी ती परत बर्फावर आणि पुढची पावलं जिथल्या तिथे. या प्रसंगाची चित्रफीत लोक हसण्यासाठी एकमेकांना पाठवतात. मी ती बघते तेव्हा मला फक्त तिची घाई दिसते. ती चौथी आली. वरच्या तिन्ही अमेरिकन: यामागुची, हार्डिंग, केरिगन.

पुढच्या फेब्रुवारीत अल्बर्टव्हिल, फ्रान्स. माझ्या नागोयाच्या ऑफिसात निवृत्तीला आलेल्या एक बाई होत्या, हिशेब तपासणाऱ्या. त्या सहसा कामापलीकडे बोलत नसत. मिदोरीचा विषय काढल्यावर मात्र जेवणाचा डबा बाजूला ठेवून बोलल्या. त्या दिवसांत जो तो 'सुवर्ण' हाच शब्द बोलत होता म्हणाल्या. वर्तमानपत्रं, टीव्ही, भाजीवाला. "आम्ही तिला एक मिनिटही स्वस्थ बसू दिलं नाही," असं त्यांनी जे म्हटलं त्यातला 'आम्ही' माझ्या लक्षात राहिला.

सरावात तिहेरी ॲक्सेल बसेना. छोट्या कार्यक्रमात तिच्या जागी त्यातल्या त्यात सोपी, तिहेरी लुत्झ नावाची उडी घेतली. जी उडी ती झोपेतही उतरली असती, तीच चुकली आणि ती पडली. चौथी. सुवर्ण जवळपास गेलंच.

२१ फेब्रुवारी १९९२, मुक्त स्केटिंग. सुरुवातीलाच तिहेरी ॲक्सेल, आणि पुन्हा पडली. पुढे काय झालं ते मी आईला दाखवत होते, पुण्यात, सुट्टीवर आलेले असताना. आईला खेळातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायची इच्छाही नाही. तिचा एक डोळा कुकरकडे. मी सांगितलं, बघ हं, आता तीन मिनिटं झाली, पाय शिसं झालेत, आणि आता ती परत तीच उडी घेणार आहे.

"एकदा पडली ना? मग परत कशाला?" आई म्हणाली.

आईचा प्रश्न अगदी बिनचूक होता. यामागुचीकडे ही उडी नव्हतीच, आणि तिच्यावाचून ती जिंकत होती. शेवटच्या मिनिटात पडलं तर पदकच हातचं जाणार, सोपी दुहेरी घेऊन सुखरूप उतरणं हेच शहाणपण. तरीही मिदोरी पुढे तोंड करून, जिकडे जायचं तिकडे बघत, आली आणि साडेतीन फेरे घेऊन एका पायावर उतरली. ऑलिम्पिकमध्ये स्त्रीने मारलेली पहिली तिहेरी ॲक्सेल. आईने "अगं बाई" असं म्हटलं आणि मग कुकर बंद करायला गेली.

रौप्यपदक मिळालं. फिगर स्केटिंगमधलं जपानचं पहिलंवहिलं ऑलिम्पिक पदक. आणि तिने माफी मागितली. सुवर्ण मिळवता आलं नाही म्हणून, देशाची.

मी या माफीवर पुष्कळ वाचलं. बाहेरचे लोक 'जपानी संस्कृती' म्हणून मान डोलावून पुढे जातात. तिथे राहिलेल्या माणसाला हे तितकं सोपं वाटत नाही. जपानमध्ये माफी दिवसातून वीसदा मागितली जाते. लिफ्टमध्ये आधी शिरल्याबद्दलही. त्यातल्या एकोणीसांना काही अर्थ नसतो. विसाव्याला असतो, आणि ती ओळखू येते. मिदोरीची विसावी होती असं मला वाटतं, आणि ती का होती याचं माझ्यापुरतं उत्तर हॅलिफॅक्समध्ये आहे. वर्तुळं होती तोवर हरण्याचं कारण तिच्या बाहेर होतं. पाचवी आली तरी लोक म्हणत, बघा, खरी जिंकली हीच. तो अडथळा तिचं नुकसान करत होता आणि तिला सांभाळतही होता. तो निघाला तसं तिचं सुवर्ण हे तिचं राहिलं नाही, ते लोकांचं देणं झालं. आता न जिंकण्याचं एकच कारण उरलं, ती स्वतः. बावीस वर्षांच्या मुलीने हे कसं पेलावं?

तिने हौशी स्पर्धा सोडल्या, व्यावसायिक प्रयोग केले. १९९६ मध्ये परत येऊन जागतिक स्पर्धेत उतरली, एडमंटनला, सातवी आली. त्या पुनरागमनाबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही. पण ७ फेब्रुवारी १९९८ ला नागानो ऑलिम्पिकची ज्योत पेटवायला जपानने तिलाच बोलावलं. पांढरा, पारंपरिक थाटाचा झगा आणि डोक्यावर सोनेरी मुकुट घालून ती मशाल घेऊन उभी राहिली. माफी स्वीकारल्याचं सांगण्याची ती त्या देशाची पद्धत असावी. पण माफी मुळात कोणी कोणाची मागायला हवी होती, ते ऑफिसातल्या बाईंना विचारा.

आता थोडं वर्तुळांच्या बाजूने. ती गेली याचं मला वाईट वाटत नाही, पण ती निव्वळ मूर्खपणाची होती असं जे अलीकडे म्हटलं जातं ते खोटं आहे. ज्यांनी दहा-पंधरा वर्षं ती काढली, त्यांच्या पावलांत एक वजन होतं. कडेवर पूर्ण कलून निवांत वाहत जाणं, हे नंतरच्या पिढीत दुर्मीळ झालं. वर्तुळांवरचे तास उड्यांकडे वळले. उड्या मोजता येतात, आणि हलकं, लहान शरीर त्या लवकर शिकतं. स्पर्धक कोवळ्या होत गेल्या, शेवटी २०२२ मध्ये ज्येष्ठ गटासाठी किमान वय पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरावर न्यायचं संघटनेला ठरवावं लागलं. हा दोष मिदोरीचा नव्हे. पण दार तिने उघडलं हे खरं, आणि त्यातून आत काय काय आलं हे तिच्यावर प्रेम करणाऱ्यांनीही बघायला हवं.

आत चांगलंही आलं. ओसूच्या त्याच बर्फावर यामादा शिकवत राहिल्या. मिकी आंदो नागोयाचीच. तिने २००२ मध्ये ज्युनिअर स्पर्धेत चौपट फेऱ्यांची उडी उतरवली. माओ आसादाही नागोयाची आणि काही काळ यामादांचीच शिष्या. तिने २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये एकाच स्पर्धेत तीन तिहेरी ॲक्सेल उतरवल्या. पदक? रौप्य. सुवर्ण कोरियाच्या किम युना हिला. चार वर्षांनी सोचीत आसादा छोट्या कार्यक्रमात इतकी पडझड करून बसली की सोळावी आली, आणि दुसऱ्या दिवशी आयुष्यातलं सर्वोत्तम मुक्त स्केटिंग करून रडली, एकूण सहावी. मी तेव्हा अजून नागोयात होते. रात्री जागून अख्ख्या शहराने ते पाहिलं असावं, कारण सकाळी गाडीत सगळ्यांचेच डोळे सुजलेले. गंमत म्हणजे त्या सकाळी सुवर्ण हा शब्द मला कोणाच्याही तोंडून ऐकू आला नाही.

आणि मिदोरी? जर्मनीत ओबर्स्टडॉर्फ नावाचं डोंगरातलं गाव आहे, तिथे प्रौढ स्केटरांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते. दंतवैद्य, मास्तरणी, आजोबा, असे सगळे येतात, पोशाख शिवून घेतात, संगीत निवडतात आणि हौसेने पडतात. २०११ मध्ये, एक्केचाळीसाव्या वर्षी, तिथल्या यादीत एक नाव आलं: इतो, मिदोरी, जपान. ती दुसरी आली. पुढेही जात राहिली. २०२३ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीसुद्धा. त्या कार्यक्रमाची चित्रफीत जगभर फिरली. कमरेत जरा जाड झालेली, केस बारीक कापलेली, आणि तेच कॅल्गरीतलं हसू.

आईला ती मी पाठवली. तासाभराने उत्तर आलं: "गुडघे कसे आहेत तिचे?"